रेंज नसलेला कोपरा

कोन गावच्या नाक्यावर शेअर रिक्षा भरायची वाट बघत मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. मागे गोदामातल्या दोघी होत्या, एक पन्नाशीची, एक तरुण. गळ्यातली ओळखपत्रं अजून काढली नव्हती.

“कमळताई, ते सातवं वायफाय म्हणजे काय, कळलं का तुम्हाला?”

“सहावं कधी येऊन गेलं तेच कळलं न्हाय, सबीहा.”

“सर सांगत होते, आधी स्कॅनर एकाच वाटेनं बोलायचा. आता एकदम दोन-तीन वाटांनी बोलतो. एक अडली तरी दुसरी चालू.”

“म्हणजे अडायचाच न्हाय.”

“नाहीच. आज अठ्ठावीस नंबरच्या रांगेतपण फुल रेंज होती.”

“हां.”

“आधी तिथं गेलं की स्कॅनरवर ते चाक फिरत राहायचं. दोन मिनिटं खोक्यावर टेकायला मिळायचं. सुपरवायझरनं विचारलं तर सांगायचं, रेंज नाही. आज माझे पाय बघा, चपलेत जात नाहीत.”

“दिसतंय.”

“त्यांना बरोब्बर तोच कोपरा कसा सापडला? वायफायचा नवा डबा आपल्या खोक्याच्या वरच लावलाय. कोणीतरी सांगितलं असणार.”

“मी सांगितलं.”

“तुम्ही?”

“तो इंजिनेर आलेला. म्हणाला, ताई, रोज तुम्ही फिरता, रेंज कुठं जाते ते तुम्हालाच ठाऊक. मी त्याच्या पुढं चालत गेले आन बोट करून दाखवलं.”

“पण का, ताई?”

“नऊ वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला कायतरी विचारलं, गं.”