पडद्याखालची अक्षरं

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक वृद्ध जोडपं बसलं होतं. आजींचा मोतीबिंदू आज काढायचा होता.

“अहो, तुमच्या त्या परदेशी सिनेमांतलं सरकार भिंगातून सगळ्यांवर पाळत ठेवतं. आज माझ्या डोळ्यात बसवणार त्या भिंगात तसलं काही नाही ना?”

“तुझ्या डोळ्यांतून सरकारला काय दिसणार? माझं टक्कल?”

“मग तुम्ही एवढे काळजीत का?”

“आता त्या सिनेमांच्या पडद्याखालची अक्षरं तू स्वतः वाचशील.”

“बरंच की! दोन वर्षं तुम्हीच वाचून दाखवताय.”

“शेवट बदलून वाचायचो गं. सरकारचा कट उघडकीला आणणारा माणूस दर वेळी मरतो त्यांत.”

“ठाऊक आहे. त्याची किंकाळी ऐकू यायची मला.”

“मग बोलली का नाहीस?”

“बिचाऱ्याला इतक्या मायेनं सोडवायचात, मध्ये कशाला बोलू? आणि यापुढंही तुम्हीच वाचा. मी डोळे मिटून बसेन.”