हिंदुरावाच्या गळ्यातला टाक

लाइट गेली ना? बरं झालं. शेंगा फोडायला डोळे लागत नाहीत, बोटं लागतात. सुमन, तो कंदील इकडं सरकव आणि वात जरा खाली घे. ही गोष्ट उजेडात सांगितली तर मलाच खोटी वाटते.

आणि विलास, तू रे गाडीची किल्ली कशाला फिरवत उभा? रोहिणीला आणायला निघालास? आत्ता? पळसवाडीला, खिंडीतून? जा बाबा, मी कोण अडवणारी! फक्त एवढी गोष्ट ऐक आणि मग जा. बायको माहेरीच गेलीय, विलायतेला नाही. आणि तोंडाला वास येतोय तो तेवढ्यात जाईल तरी.

हं, तर ऐका.

खिंडीत डांबरी नव्हती तेव्हाची गोष्ट. नुसती पायवाट. एका अंगाला डोंगर, एका अंगाला कडा. आपल्याच गावात हिंदुराव म्हणून होता. मनगट असं, की माझ्या दोन मुठींत मावायचं नाही. राग माणसाच्या नाकावर असतो ना? ह्याचा हातावर. भाकरी गार लागली, फाडकन! गरम लागून तोंड भाजलं, फाडकन! मग बाईनं करावं तरी काय? एकदा बिचारीनं फुंकर मारून दिली. तर म्हणतो, "मी काय बारकं पोर हाय?" फाडकन!

त्याची पहिली बायको हौसा. तिनं सोसलं, सोसलं, आणि एका रात्री उठून माहेरची वाट धरली. हा गेला मागं. हातात बाभळीचं दांडकं. पहाटे एकटाच परत आला आणि पारावर बसून सांगितलं, "कड्यावरनं पाय घसरला तिचा."

गावानं मान हलवली. बायकांनी तिला न्हाऊ घातलं. पाठीवर वळ. जबडा मोडून एका बाजूला लोंबतोय. बांगड्यांच्या काचा मनगटात रुतलेल्या. बायकांनी एकमेकींकडं बघितलं आणि वरून हळद लावून टाकली. पाय घसरला ना? मग वळसुद्धा घसरल्याचेच! आणि म्हाताऱ्या काय म्हणाल्या माहीत आहे? "भाग्याची गं बाई! कुंकवासकट गेली."

महिन्याच्या आत दुसरी आणली. मालन. पळसवाडीची. आता पहिली मेलेली आणि दुसरी दारात, म्हणजे पहिलीचा टाक करायला हवा. तुम्हा नव्या पोरींना ठाऊक नसेल, म्हणून सांगते. चांदीच्या पत्र्यावर मेलेलीचं तोंड ठोकायचं, काळ्या दोऱ्यात ओवायचं आणि दुसरीच्या गळ्यात बांधायचं. मग मेलेली आली तरी तिला टाक दिसतो. ती म्हणते, ही माझी सवत, मला गळ्यात वागवतेय. आणि निघून जाते.

त्या टाकाचे लाड बघायला हवे होते तुम्ही! सणाचा पहिला निवद टाकाला. नवं लुगडं आधी टाकाला. हिंदुराव स्वतः हात जोडायचा आणि म्हणायचा, "हौसा, आधी तू जेव." जितेपणी त्या बाईला कधी ताजी भाकरी मिळाली नाही. मेल्यावर पुरणपोळी! चांदीची झाली तेव्हा कुठं मान मिळाला बघा.

आणि तो टाक जिच्या गळ्यात, तिला? तिला तोच हात, तीच फाडकन. एका संध्याकाळी दांडकं असं बसलं, की मालनला डाव्या कानानं ऐकू येईना. रडली नाही. गळ्यातला टाक सोडला, चुलीमागच्या भानवशीवर ठेवला आणि सासूला म्हणाली, "तुमची पहिली सून तुमीच संबाळा. माझा टाक हुयाच्या आत मी जाते."

आणि गेली.

हिंदुराव मळ्यातनं आला. चूल गार. दांडकं उचललं. "केसाला धरून आणतो. न्हाई आली, तर हौशीच्या शेजारी झोपवून येतो!" ऐकलंत? बोलून दाखवलं त्यानं. पोरीचा जीव घ्यायलाच निघाला होता तो. टाकही घेतला, तिच्या गळ्यात परत बांधायला. खिशात घातला. खण्णकन खाली पडला. खिसा फाटका! दुसऱ्या खिशात घातला. तोही फाटका! शिवणार कोण? शिवणारी पळालेली! एका हातात दांडकं, दुसऱ्या हातात कंदील. मग ह्या शहाण्यानं काय करावं? तो टाक आपल्याच गळ्यात घातला!

म्हातारी आई दारातनं ओरडली, "आरं, ठेव ठेव! ती बाईमाणसाची वस्तू हाय! सवतीनं घालायची!"

"गप ए थेरडे!" म्हणाला, आणि निघाला.

खिंडीच्या तोंडाशी आला आणि कंदील विझला. वारा नाही, काही नाही. विझला. मागनं आवाज यायला लागला. टक्, टक्. दगडावर जोडवी वाजतात ना, तसा. हा थांबला की आवाज थांबायचा. हा चालला की टक्, टक्.

"मालन! फुडं ये, न्हाईतर तंगडं मोडतो!"

तर अगदी कानापाशी कुणीतरी हसलं.

"आलीस व्हय गं?"

आलीस! ऐका नीट. आलास नाही, आलीस!

"कोण हाय? मी हिंदुराव हाय!"

"आसं कसं? माझा टाक गळ्यात हाय की तुझ्या. सवतच तू माझी. ये बाई. लई वाट बघायला लावलीस."

हिंदुरावानं टाकाला हात घातला. निघेना. ओढला तर दोरा आवळला, मानेच्या कातड्यात शिरला. अंधारातनं एक हात आला. ओला, गारढोण. त्यानं मनगट धरलं. दोन मुठींत न मावणारं ते मनगट, त्या हाताच्या चिमटीत बसलं!

"आगं, रिकाम्या हातानं कशी आलीस? लोक काय म्हणतील?" आणि बांगडी काढली. हिरवी, पाळण्यातल्या पोरीच्या मापाची. त्याची बोटं एकत्र आवळली. अंगठा आत मोडला. कडाड! बांगडी चढवली. कातडं सोलत चढली. दुसरी, तिसरी, भरत गेली ती. काचा फुटल्या, मांसात बसल्या, दांडकं हातातनं गळून पडलं. हिंदुराव गुरासारखा ओरडला.

"हळू गं," हौसा म्हणाली. "बाईमाणसानं ओरडू नये. शेजारी ऐकत्यात."

मग, "चल, पानी आणायचंय." डोक्यावर घागर आली. तिच्यावर दुसरी. पाण्याच्या नव्हेत, दगडांनी शिगोशीग भरलेल्या. मान खांद्यात घुसली. तोच चढ, तेच काटे, पाय अनवाणी, वहाणा कधी गेल्या ते त्याला कळलंसुद्धा नाही. जरा वाकला की पोटरीत लाथ. "सांडशील!" सरळ झाला की पाठीत गुद्दा. "किती मिजास गं चालायची!"

वर नेऊन बसवला. पुढ्यात जातं. एवढं थोरलं, आणि खुंटा बाभळीचा, काट्यांसकट.

"दळ."

"दाणं कुटं हायती?"

तिनं हाणली एक थोबाडीत. दात जात्याच्या तोंडात पडले. "ही घे जात्याला वैरण. दळ आता."

दळले त्यानं! स्वतःचे दात दळले! खर्र, खर्र. तळहातातनं रगत खुंट्यावरनं ओघळतंय, आणि दळतोय. काय गं सुमन, शी काय करतेस? तुझ्या शेंगा तशाच पडल्यात बघ. फोड.

मग हिंदुराव रडायला लागला. "हौसा, सोड मला! दर सणाला निवद दिला मी तुला! पुरणाची पोळी दिली!"

"दिलास की," हौसा म्हणाली. "पण खाऊ कशानं? जबडा तूच मोडलावतास."

एवढं बोलली आणि तिनं एकदम वाटेकडं बघितलं. पदर डोक्यावर ओढला. अंग चोरून बाजूला सरकली. मेलेली बाई, आता तिला कुणाचं भय? पण घाबरून कुजबुजली, "उठ गं. धनी आलं."

वाटेवर कंदील दिसला. कुणीतरी चढून येत होतं. दमदार पाऊल. तेच मुंडासं. त्याच मिशा. तेच मनगट. आणि पडलेलं दांडकं त्यानं वाकून उचललं.

हिंदुरावाला मारायला हिंदुरावच आला होता!

"भाकरी गार का?"

पहिलं दांडकं गुडघ्यावर. वाटी फुटली. दुसरं बरगडीवर. तिसरं कानावर, डाव्या! चौथं कुठं बसलं ते कळायला शुद्ध पाहिजे ना? केस धरून उठवायचा आणि परत हाणायचा. घाई नाही. रोजचं काम असल्यासारखं.

"नका मारू! चुकलं माझं! धनी, चुकलं!"

"काय चुकलं?"

"ठावं न्हाई! पर चुकलं!"

कोपऱ्यातनं हौसा हळूच म्हणाली, "त्यानं काय हुत न्हाई गं. मी बी म्हणून बघितलंय."

मग त्यानं टाकाचा दोरा धरला आणि ओढत नेला. खिंड उतरून, दगडांवरनं, निवडुंगातनं, पळसवाडीच्या विहिरीपर्यंत. कठड्यावर उभा केला. हौसा मागोमाग आलेली. तिनं विचारलं, "लोकांस्नी काय सांगायचं, धनी?"

"पाय घसरला म्हणून सांगू."

आणि दिला ढकलून! मागनं दांडकंही फेकलं.

पडता पडता विहिरीच्या कडेला उंबराचं मूळ होतं, ते हाताला लागलं. एकाच हाताला. दुसऱ्यात धरायला काही उरलंच नव्हतं. वर अंधार, खाली पाणी, आणि गळ्यातला टाक जड व्हायला लागला. आधी वरवंट्याएवढा. मग जात्याएवढा. मग एका अख्ख्या बाईएवढा. खाली ओढतोय, खाली ओढतोय. जीभ बाहेर आली. तसा लोंबकळत राहिला उजाडेपर्यंत.

उजाडलं. पळसवाडीच्या बायका पाण्याला आल्या. रहाटावर दोर चढवला, खाली बघितलं आणि किंचाळल्या. त्यांच्यात मालन होती. कानाला फडकं बांधलेलं.

"मालन! दोर सोड!"

एक बाई म्हणाली, "सोडू नगंस." दुसरीनंही मान हलवली. मालन दोर हातात धरून उभी. पोहरा हलतोय, वर ना खाली.

"कशाला आला हुता?"

"तुला न्यायला."

"काय घिऊन?"

खाली पाण्यावर दांडकं तरंगत होतं. सगळ्या बायकांना दिसत होतं.

"मग एकच सांगा," मालन म्हणाली. "माझं काय चुकलं हुतं?"

मूळ कडकडलं. हाताची पकड सुटत चालली. त्याला तरी दुसरं काय येत होतं? जन्मभर बायकांच्या चुकाच काढलेल्या. पण रात्रभर तो त्या चुकांचा मार खाऊन आला होता.

"काय न्हाई," म्हणाला. बोळक्या तोंडानं, पण चांगलं मोठ्यानं. "काय बी चुकलं न्हवतं. तुझं न्हाई. हौसाचं बी न्हाई. मी मारली तिला. पाय न्हवता घसरला!"

तटकन दोरा तुटला. टाक पडला पाण्यात. डुबुक. आणि मग मालननं दोर सोडला.

वर काढला तेव्हा बायकांनी विचारलं, "का काढलास गं असल्याला?" ती म्हणाली, "प्यायच्या पाण्याची हीर हाय आपली. घाण कशाला त्यात?"

हिंदुराव जगला. पण उजवी मूठ परत कधी वळली नाही. दात नाहीत, म्हणून म्हातारी आई भाकरी कुस्करून भरवायची. गार का गरम, एकदाही विचारलं नाही त्यानं! मालन परत आली नाही. कुणी आणायलाही गेलं नाही.

मला कसं माहीत? अगं, माझं माहेर पळसवाडी! परकर नेसून रहाटापाशी उभी होते मी. रात्रीचं सारं तो वर आल्यावर तिथंच बरळला. खोटं वाटत असेल तर त्या विहिरीत बघून या, तळाला अजून काहीतरी चकाकतं.

तर पोरांनो, त्या खिंडीतनं रात्री जाऊ नका. आता डांबरी झाली म्हणाल, पण खिंड तीच आहे. आम्हा बायकांना काही होत नाही तिथं. उलट डोक्यावर भारा असला तर चढाला मागनं कुणीतरी हात देतं. गार असतो हात, पण देतं. बाप्या माणसानं मात्र जाऊ नये. त्यातून बायकोवर रागावून तर नाहीच.

हं विलास, झाली बघ गोष्ट. निघ आता, उशीर नको.

आणि शर्टाच्या खिशातनं ते काय काळं लोंबतंय? रोहिणीचं मंगळसूत्र? काढून ठेवून गेली होय? बरं बरं, तुमच्या घरचं तुम्हाला. पण खिसा उसवलाय रे बाबा, गाडीवर हिसक्यानं पडेल कुठंतरी.

गळ्यात घाल की.

काय झालं? बसलास का? बरं, सुपातल्या शेंगा घे. सकाळी चालत जा तिच्याकडं, आणि यायचंय का ते आधी तिला विचार.

दाणा फुटू देऊ नकोस हं, बियाण्याचा आहे.