चारशे यार्डांवरचा एल्क

(कोलोरॅडोतल्या डोंगराळ गावातलं बंदुकांचं दुकान. ऑक्टोबर १९८६, दुपार. काउंटरवर एक नवी रायफल. प्रताप, त्याची बायको सीमा आणि तिचा धाकटा भाऊ शैलेंद्र. दुकानदाराला मराठी कळत नाही.)

प्रताप: ...काडतुसातच दम नव्हता, दुसरं काही नाही. थर्टी-ऑट-सिक्स म्हणजे म्हाताऱ्यांचं काडतूस. काल हातात ही थ्री हंड्रेड मॅग्नम असती ना, तर तो घोड्याएवढा एल्क जागच्या जागी बसला असता.

शैलेंद्र: प्रतापराव, त्याच म्हाताऱ्या काडतुसानं या डोंगरात लोकांनी आयुष्यभर एल्क मारलेत. ती रायफल खाली ठेवा. काल जखमी केलाय तो आधी शोधू.

प्रताप: तू मला शिकवू नकोस. पेनसिल्व्हेनियाच्या झाडीत साठ यार्डांवर हरणं टिपतोस, तेही रूममेटच्या बंदुकीनं! इथे समोरच्या डोंगरावर मारावं लागतं.

शैलेंद्र: साठ यार्डांवर मारतो म्हणून तर ती पडतात.

सीमा: भांडा. निवांत भांडा. रेडिओवर संध्याकाळपासून स्नो सांगितलाय. एकदा बर्फ पडला की रक्ताचा माग गेला.

प्रताप: कसला माग? रात्रीत मेला असेल, नाहीतर पार पलीकडच्या खोऱ्यात गेला असेल. एका एल्कच्या परवान्याचा टॅग अजून माझ्या खिशात आहे, सीझन उद्यापर्यंत आहे. दुसरा मारू.

सीमा: त्याचा मागचा पाय लोंबत होता, प्रताप. मी ट्रकमधून बघितलंय. तीन पायांवर कुठल्या खोऱ्यात जातोय तो?

प्रताप: तू मध्ये बोलू नकोस गं. शैलेंद्र, तू इंजिनिअर ना? मग सांग, मॅग्नमची गोळी जास्त सपाट जाते की नाही?

शैलेंद्र: जाते. चारशे यार्डांवर तुमची गोळी दोन फूट खाली येते, मॅग्नमची पावणेदोन. त्या तीन इंचांसाठी तुम्ही धक्क्यानं खांदा सुजवून घेणार. काल बार व्हायच्या आधीच तुमचे डोळे मिटले होते. मी शेजारीच होतो.

प्रताप: खोटं बोलतोस.

शैलेंद्र: आणि चारशे यार्ड मोजले कुणी? तुम्ही म्हणालात म्हणून चारशे. मी म्हणत होतो, ओढ्यात उतरू, वाऱ्याच्या उलट्या बाजूनं जाऊ, दोनशेच्या आत येऊ. ऐकलंत?

सीमा: कसा ऐकेल? याच्या बॉसनं, वॉल्टनं, पाचशेवरून मारलाय ना! त्याच्या ऑफिसात शिंगं टांगलीत. हा रोज मीटिंगला जातो आणि शिंगांखाली बसतो.

प्रताप: हो, बसतो! मोहित्यांच्या घरातला माणूस त्या वॉल्टच्या शिंगांखाली बसतो. लाज वाटते मला, काय म्हणणं आहे?

शैलेंद्र: म्हणणं एवढंच, की गोळी कमी पडली तर खाली जाते. तुमची बाजूला गेली. नेम खांद्यामागे, गोळी मागच्या पायात. चार फूट! बार झाला तेव्हा वाराही पडला होता. काडतूस असं कधी करत नाही. दुर्बीण हलली असली की असं होतं.

प्रताप: दुर्बीण ठणठणीत आहे. ऑगस्टमध्ये रेंजवर नेम लावून आणलाय. तीन गोळ्या लिंबाएवढ्या जागेत.

सीमा: ऑगस्टमध्ये. आणि खंडेनवमीला काय केलंस, ते सांग की.

प्रताप: त्याचा इथे काय संबंध?

शैलेंद्र: काय केलं, ताई?

सीमा: शस्त्रपूजा. पाटावर रायफल, शेजारी तांदळाच्या राशीवर काडतुसं. पूजेला मंडळातली चार घरं बोलावलेली. फोटोत दिसावं म्हणून यानं दुर्बिणीच्या काचेवर ओल्या कुंकवाचा टिळा लावला. चांगला अंगठ्याएवढा! दुसऱ्या दिवशी बघतो तर सगळं लालच लाल. मग दुर्बीण काढली, सिंकवर धुतली, पुसली आणि परत चढवली. माझ्या शिलाई मशीनच्या स्क्रूड्रायव्हरनं.

प्रताप: घट्ट बसवली होती!

शैलेंद्र: त्यानंतर रेंजवर गेलात? एक तरी गोळी झाडून बघितलीत?

प्रताप: नाही झाडली! आमच्याकडे पुजलेलं हत्यार कागदाच्या निशाणावर चालवत नाहीत. खंडेनवमीला पुजायचं, दसऱ्याला सीमोल्लंघन, आणि मग पहिला बार शिकारीवरच. आजोबांपासून चालत आलंय ते.

शैलेंद्र: आजोबांच्या बंदुकीला दुर्बीण नव्हती, प्रतापराव.

प्रताप: तोंड सांभाळ. माझ्याच ट्रकमधून फिरतोस, माझ्याच घरी सुट्टीला येतोस आणि माझ्या आजोबांवर जातोस?

शैलेंद्र: मी त्यांच्यावर नाही, तुमच्यावर जातोय. त्यांनी जखमी जनावर मागे टाकून दुकान गाठलं असतं का? तुम्हीच सांगता ना, सगळ्या पार्ट्यांमध्ये? रानडुकराच्या मागे दोन दिवस उपाशी चालले होते म्हणून?

प्रताप: बास.

शैलेंद्र: बास काय? सकाळी मी मागावर निघालो तेव्हा तुम्ही म्हणालात, आधी गावात जाऊ, कॉफी घेऊ. कॉफीचं दुकान झालं, आता बंदुकीचं दुकान. तुम्हाला तो सापडायलाच नकोय.

सीमा: शैलू, जरा थांब. प्रताप, इकडे बघ. खरंच सापडायला नकोय का तो?

प्रताप: मूर्खासारखं विचारू नकोस.

सीमा: मूर्ख तर मूर्ख. काल रात्री मोटेलात तू जेवला नाहीस. लाइट चालू ठेवून झोपलास. मला वाटलं, नेम चुकला म्हणून चिडलायस. मी काही बोलले नाही. पण आज हा दुकानदार पावणेबारापासून तुला काडतुसं दाखवतोय आणि तू एकच विचारतोयस, ‘हे किती लांब जातं, ते किती लांब जातं?’ कशाला हवंय इतकं लांब?

प्रताप: शिकारीला हवंय.

सीमा: खोटं.

प्रताप: मग ऐक. ऐकायचंच आहे ना? गोळी लागल्यावर तो पळाला नाही. मान वळवून माझ्याकडे बघितलं त्यानं. दुर्बिणीत त्याचं तोंड एवढं जवळ होतं, नाकातून वाफ येत होती. मी दुसरी गोळी घालायला हवी होती. बोट ट्रिगरवर होतं आणि मला घालता आली नाही. झालं समाधान? आता मला असं काहीतरी हवंय की तिकडे लांब कुठेतरी पडेल, एका गोळीत, आणि मला बघावं लागणार नाही.

शैलेंद्र: हजार यार्डांवर गेलात तरी दुर्बिणीत तो समोरच येणार, प्रतापराव.

प्रताप: तू गप्प बस. तू तर आयुष्यभर हेच सगळ्यांना सांगत सुटशील.

शैलेंद्र: नाही सांगणार. किल्ली द्या. रूममेटची रायफल आणलीय मी, मी एकटा जातो. तुम्ही बसा इथे.

सीमा: एकटा कुणी जात नाही. टॅग याच्या नावावर आहे, जखम यानं केलीय.

प्रताप: सीमा, माझ्यानं नाही होणार. जवळ जाऊन तर नाहीच. राग काढायचा तर काढ, घरी जाऊन बोल काय बोलायचं ते.

सीमा: राग आहेच मला. तुला नेम नव्हता म्हणून नाही. काल तू ट्रकमध्ये येऊन बसलास, हीटर लावलास आणि म्हणालास, निघू या. तो तिकडे थंडीत उभा होता, आणि मी पण तुझ्याबरोबर निघाले. मला त्याचा राग आहे. त्या माणसाला थँक्यू म्हण आणि रायफल परत दे.

प्रताप: आणि सापडला तर?

सीमा: तर जवळ जायचं, आणि या वेळी डोळे उघडे ठेवायचे.