तिलाच विचारा

आदरणीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या सर्वांच्या प्रशिक्षक ताई, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे मागे उभ्या असलेल्या पालकमंडळींनो,

मी शिवणकाम करणारी बाई. मशीनवर माझी शिवण कधी वाकडी जात नाही, माईकपुढे बोलणं वाकडं जाईल. भीतीनं नव्हे हो, आनंदानं!

माझी लेक, आमची बबडी, स्वमग्न आहे. अठरा वर्षांची झाली, तशी शाळेनं पुष्पगुच्छ देऊन निरोप दिला. पुढं काय? कुणालाच ठाऊक नाही. दोन वर्षं ती घरात आणि मी तिच्याभोवती. मग ताई भेटल्या. त्यांनी तिला फाटकी पुस्तकं दुरुस्त करायला शिकवलं आणि वर्षभरानं एका ग्रंथालयात मुलाखतीला नेलं.

ग्रंथपालांनी मलाच विचारलं, “हिला इथं काय काय लागेल?”

मी तोंड उघडणार, तोच ताई म्हणाल्या, “तिलाच विचारा.”

विचारलं. बबडी वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघत राहिली. मंडळी, माझा जीव नुसता टांगणीला! न राहवून मी बोलायला गेले, तर ताईंनी माझा हात धरला. “एकवीस वर्षं तुम्हीच बोललात. आता जरा दम धरा.”

राग आला मला. खोटं कशाला सांगू?

आणि बबडी बोलली. “पंखा बंद करा. कोपऱ्यातलं टेबल द्या. काम बदललं तर आदल्या दिवशी लिहून द्या. आई बाहेर थांबेल.”

ग्रंथपाल उठले आणि त्यांनी पंखा बंद केला!

पुढं सगळं सुरळीत झालं म्हणता? छे. कामाच्या दुसऱ्याच आठवड्यात न सांगता टेबल हलवलं गेलं. बबडी कान झाकून जिन्यात बसली. सुरुवातीला रोज सोबत जाणाऱ्या ताई तिच्याशेजारी पायरीवर बसून राहिल्या. ती सावरल्यावर आत जाऊन म्हणाल्या, “तिची चूक नाही. लिहून द्यायचं तुम्ही विसरलात.” त्यानंतर कुणी विसरलं नाही.

त्याला दोन वर्षं झाली. गेल्या रविवारी बबडी दोन मैत्रिणींबरोबर वेगळ्या घरात राहायला गेली. परवा मी डबा घेऊन थडकले, तर दारातच म्हणाली, “आई, आधी फोन करायचा.”

मी जिना उतरले. खालून फोन लावला. “येऊ का गं?”

“पाच मिनिटांनी ये.”

ती पाच मिनिटं मी रस्त्यावर उभी होते, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगावंसं वाटत होतं, अहो, मी माझ्या लेकीकडे पाहुणी आलेय!

ताई, तुमचे आभार मानत बसले तर अध्यक्षांचं भाषण राहून जाईल. आनंदाच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर या वेड्या आईला पदरात घ्या. नमस्कार.