जिनं पाडला तिनंच भरावा

डॉक्टर : थांबा काका, झाकण उघडू नका. डब्यात काय आहे म्हणालात?

गवळी : आमची म्हैस.

बायको : अहो, नीट सांगा! म्हशीची फासळी आहे, डॉक्टरीणबाई. तुकडाच. मी तीनदा कुकरला लावलीये, उन्हात वाळवलीये. अगदी स्वच्छ.

डॉक्टर : पण कशासाठी?

गवळी : तुम्हीच म्हणालात ना, पुढचा दात पडला तिथलं हाड खचलंय, नवा दात रोवायच्या आधी खड्ड्यात जनावराच्या हाडाची भुकटी भरायची? मग परकं जनावर कशाला? दात हिनंच पाडला होता, मुंडी हिसडून. जिनं पाडला तिनंच भरावा. आणि जरा लवकर. दाताशिवाय शिट्टी येत नाही, नुसतं फुस्स होतं. हिची पारडी शिट्टीवाचून वैरणीला तोंड लावत नाही. आई गेली, आता लेकही जायची.

डॉक्टर : म्हैस कशानं गेली?

गवळी : तापानं. कसला ताप, कुणालाच कळलं नाही.

डॉक्टर : आणि तो ताप मी तुमच्या जबड्यात शिवून टाकू?

बायको : कुकरमध्ये मेला असेल की!

डॉक्टर : काकू, काही रोग कुकरला भीक घालत नाहीत. आमच्या पुडीतलं हाड तपासलेल्या, निरोगी कळपातलं असतं. भट्टीत तापवतात, रसायनांनी धुतात. मांस, रक्त, चरबी सगळं जातं. उरतो तो खनिजाचा सांगाडा, स्पंजासारखा भोकाभोकांचा. तो पुडीत बंद करून निर्जंतुक करतात. मग त्या भोकांतून तुमचंच हाड वाढतं.

गवळी : ते जनावर मारकं असलं तर?

डॉक्टर : स्वभावही जातो भट्टीत.

गवळी : म्हणजे हाडातून जनावरच काढून टाकतात!

डॉक्टर : तसंच म्हणा.

गवळी : मग हिलाही भट्टी दाखवा.

डॉक्टर : माझ्याकडं चहाची किटली आहे काका, भट्टी नाही. आणि असती तरी तुमची म्हैस त्यात उरली नसती.

गवळी : (डबा मांडीवर ओढून घेत) काहीच नसती उरली?

डॉक्टर : काहीच नाही. म्हणून तर ते तोंडात चालतं.

बायको : ऐकलंत? आणा तो डबा. गोठ्यामागं पुरू तिला नीट.

गवळी : बरं. पुडीतलं भरा. दात कधी बसेल?

डॉक्टर : हाड धरायला सहा-सात महिने लागतील. त्यानंतर दात.

गवळी : तोवर पोर उपाशी मरेल माझी!

बायको : नाही मरत. खाते ती.

गवळी : कुठं खाते? रोज मी समोर उभा असतो, वैरण हुंगतसुद्धा नाही.

बायको : पोट भरलेलं असतं तिचं. तुम्ही दूध घालायला गेलात की मी शिट्टी वाजवते.

गवळी : तुला शिट्टी येते?

बायको : लहानपणापासून येते.

गवळी : इतक्या वर्षांत कधी वाजवली नाहीस ती?

बायको : तुम्ही होतात ना वाजवायला.