आधी चिठ्ठी, मग आकडा

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील पाहुणे, आज निवृत्त होत असलेल्या आमच्या गणितवाल्या बाई, आणि चहाकडे डोळे लावून बसलेले सहकारी,

दोनच पानं आणली आहेत. चार वेळा तपासली आहेत. आता थकलोय, तेव्हा वाचूनच दाखवतो.

कॉलेज अर्धवट सोडून मी या घसरगुंड्यांच्या कारखान्यात आलो. बाईंची सूत्रं संगणकात घालणं हे माझं काम. सूत्रात 'फ' असायचा. 'फ' म्हणजे घसरगुंडीचा आकार. त्याची व्याख्या दुसऱ्या पानावर. ती सांगेपर्यंत संगणकाला 'फ' म्हणजे नुसतं नाव. बाई व्याख्येची चिठ्ठी लिहून कागदावरच्या 'फ'वर डिंकाने चिकटवायच्या. "आधी चिठ्ठी, मग आकडा. उलटं केलंस तर फसशील, बाळा."

मी उलटं केलं. टोकाचा उतार काढायचा होता. घाईत सूत्रातल्या अंतराच्या जागी आधीच चार मीटर घातले, मग व्याख्या, आणि त्यावरून उतार काढला. तिथे बदलणारं काही उरलंच नव्हतं, फक्त एक ठरलेली उंची. ठरलेल्या आकड्याला कसला उतार? उत्तर आलं शून्य. शून्य म्हणजे टोक सपाट, छानच की! आकार मंजूर झाला, नमुना उभा राहिला. टोक प्रत्यक्षात चांगलंच उतरतं होतं; गोदामवाले काका हौसेने घसरले, ते उडून थेट रंगाच्या डब्यांवर.

चौकशीत बाई म्हणाल्या, "सही माझी, चूकही माझी."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बाई, आत जाऊन खरं सांगतो."

"गप बस. तुझी नोकरी जाईल. माझी नुसती बढती जातेय."

ती गेलीच. मी सहा वर्षं गप्प बसलो. गप्प बसण्याचाही शीण येतो, हे ठाऊक नव्हतं. साहेब, मघाशी आपण गमतीने म्हणालात, "बाईंची तीस वर्षांत एकच चूक, पण काकांना उडवून गेली!" सगळे हसले. बाईही हसल्या. तेव्हा मी हे दुसरं पान खिशातून काढलं. नाहीतर, खरं सांगतो, पहिलंच वाचून बसणार होतो.

जुन्या अहवालात चूक करणाऱ्याच्या जागी बाईंचं नाव आहे. त्यावर चिकटवायला माझ्या नावाची चिठ्ठी लिहून आणली आहे. डिंकही आणलाय. बाई, डोळे वटारू नका, तुम्हीच शिकवलंय.

ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलताना काही सुटलं असेल, कुणाला लागलं असेल, तर सांभाळून घ्या. ती एक चूक मात्र सांभाळू नका. ती माझी आहे.