कडूबाईच्या नावचा भरणा

श्रीनिवास : भरलाय हो, काकासाहेब. मी कुठं नाही म्हणतोय? बँकेचा शिक्का दिसतोय मला. पण हा ॲडव्हान्स टॅक्स तुमच्या नावावर पडलेलाच नाही.

काकासाहेब : मपल्या हातानं भरला, साहेब. मार्चात फुलंब्रीहून एसटीनं आलतो खास. तुम्हीच फोन केलता, साल सरायच्या आत भरून टाका म्हणून.

श्रीनिवास : भरा म्हटलं होतं, पण स्वतःचा भरा म्हटलं होतं. चलनावर पॅन नंबर कुणाचा घातलाय ते बघा जरा.

काकासाहेब : आईचा.

श्रीनिवास : म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? मी इथं सकाळपासून त्या बँकवाल्याला शिव्या घालतोय.

काकासाहेब : त्याला नका बोलू. त्यानं दोनदा इचारलं, ह्या कडूबाई कोण म्हणून. म्हणलं, मालकीण.

श्रीनिवास : अहो, टँकर तुमचे, बिलं तुमच्या नावाची, पैसे तुमच्या खात्यात. रिटर्नमध्ये पाण्याचं उत्पन्न तुमचं दाखवायचं आणि आधी भरलेला कर आईंचा, असं कसं चालेल? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

काकासाहेब : चोर म्हणला ते बरं केलं.

श्रीनिवास : बोलायची पद्धत हो ती. लगेच मनाला लावून घेऊ नका. चहा घ्या, गार होतोय.

काकासाहेब : आमच्या घरात पहिलं काय बी तिच्या नावानं असतंय, साहेब. गाय व्याली का पहिला खरवस तिच्या हातावर. खळ्यात रास पडली का पहिली पाटी तिच्या नावानं बाजूला. आता पाण्याचा पैसा आला. तिच्या हातात दिला असता तर फेकून मारला असता तिनं. म्हणलं, सरकारात तरी तिच्या नावानं जाऊ दे.

श्रीनिवास : धन्य आहे! वीस वर्षं लोकांचे कर भरतोय मी. लोक टाळतात, लपवतात, रडतात. आयकराचा खरवस करणारे तुम्हीच पहिले.

काकासाहेब : हसा. पण मार्ग सांगा काहीतरी.

श्रीनिवास : मार्ग आहे ना. आयकर खात्याला अर्ज करायचा, की हा भरणा चुकून आईंच्या नंबरवर गेला, तो माझ्या नंबरवर घ्या. त्याला आईंची संमती लागेल. एक अंगठा, बस्स. नाहीतर आईंचं वेगळं रिटर्न भरू, पैसे त्यांच्या खात्यात परत येतील. तिथंही अंगठा त्यांचाच.

काकासाहेब : अंगठ्याबिगर काय?

श्रीनिवास : त्याशिवाय म्हणजे हे पैसे गेले समजायचे आणि तुमच्या नावानं पुन्हा सगळा कर भरायचा, वर व्याज. तसला वेडेपणा कशाला? आई धाकट्या भावाकडे आहेत ना, फर्दापूरला? सकाळी निघालात तर दुपारी जेवायला घरी याल.

काकासाहेब : फर्दापूर लई लांब हाय, साहेब.

श्रीनिवास : फुलंब्रीवरून सरळ रस्ता जातो की.

काकासाहेब : रस्ता जातो. मला जाता येत नाय. पहिला टँकर भरला त्या दिवशी ती घरातून निघाली. म्हणली, गावातल्या बाया हंडे घेऊन आपल्या विहिरीवर येत्यात, त्यान्ला नाय म्हणून तू शहराला पाणी इकतो? जवर ह्या विहिरीवर टँकर हुभा हाय, तवर तुझा उंबरा चढायची नाय. फकिरा तिकडं लेणी बघायला येणाऱ्यांसाठी चहाचं हॉटेल चालवतो. त्याच्याकडं गेली ती गेलीच.

श्रीनिवास : विहीर कुणी पाडली होती?

काकासाहेब : तिनंच. बाप गेल्यावर. पाटल्या मोडल्या अन् स्वतः मजुरांसंगं गाळ उपसला. पाणी लागलं तवा पहिली कळशी तिनं आमच्या अंगावर वतली होती, मपल्या अन् फकिराच्या. लई थंड होतं.

श्रीनिवास : तरी विकलंत.

काकासाहेब : भाव आलता, साहेब. तुमच्या गारखेड्यात नळाला आठ-आठ दिवस पाणी नाय. नव्या बिल्डिंगींच्या स्लॅबवर मारायला पाणी, लॉनला पाणी, मंगल कार्यालयांना पाणी. लोक म्हणायचे, काकासाहेब, भाव काय बी लावा, पण आणा. तुमच्या सोसायटीला बी मपलाच टँकर होता.

श्रीनिवास : ठाऊक आहे. मीच बोलावला होता.

काकासाहेब : मग तुम्ही बी तिचंच पाणी पेलात.

श्रीनिवास : नुसतं प्यायलो असतो तर गोष्ट वेगळी होती. आमच्या मुलीची, हिमानीची नवी गाडी धुतली होती मी त्या पाण्यानं. पाइप लावून. खालून वॉचमन बघत होता, त्याच्या घरी नळ नव्हता... जाऊ दे. टँकर चालू आहेत अजून?

काकासाहेब : कशावर चालतील? पाणी खाली गेलं तसे विहिरीत आडवे बोअर मारले. चार महिने आलं पाणी, ते शेजारच्यांच्या विहिरींचं बी ओढून आलं. मग सगळंच संपलं. तळाचा खडक दिसतोय. गाड्या इकायला काढल्यात.

श्रीनिवास : म्हणजे टँकर बंद आहेत. मग आईंची अट संपली की! येऊ शकतात त्या घरी. लावा फोन.

काकासाहेब : नको, साहेब.

श्रीनिवास : द्या इकडं तो मोबाइल. 'फकिरा' हाच ना? मी स्पीकरवर टाकतो. अंगठ्याचं मी बोलतो, तुम्ही फक्त नमस्कार करा.

(फोन लागतो. पलीकडे भांड्यांचा आवाज.)

कडूबाई : फकिरा गिऱ्हाइकात हाय. कोण बोलतंय?

श्रीनिवास : नमस्कार आई. मी संभाजीनगरहून, म्हणजे आपल्या औरंगाबादेहून श्रीनिवास बोलतोय. काकासाहेबांचे कराचे कागद मी बघतो. तुमचा एक अंगठा हवा होता. पाण्याच्या उत्पन्नाचा कर चुकून तुमच्या नावानं भरला गेलाय.

कडूबाई : मपल्या नावानं? पाणी मपल्या नावानं इकलं व्हय त्यानं?

श्रीनिवास : विकलं त्यांनीच, आई. फक्त कर...

कडूबाई : त्यो हाय का तिथं?

काकासाहेब : हाय, आई.

कडूबाई : वाळला का रं? आवाज बारीक येऊ ऱ्हायला.

काकासाहेब : बरा हाय मी. तू जेवली का?

कडूबाई : जेवले. हितं बी टँकरचंच पाणी हाय आता. म्या नेम केलता, इकतचं पाणी पेणार नाय. दोन दिस ऱ्हायले, मग पेले. जीव ऱ्हात नाय, लेका. हंडा भरताना मनात येतं, कुणाच्या विहिरीचं असंल हे? त्याच्या बी घरी एखादी म्हातारी असंल.

काकासाहेब : आई, ते अंगठ्याचं...

कडूबाई : आधी मला सांग. विहिरीला पाणी हाय का?

काकासाहेब : काय म्हणली, आई?

कडूबाई : ऐकू येतंय का? पाणी हाय का आपल्या विहिरीला?

काकासाहेब : हाय. हाय की. पायरी बुडून हाय.

कडूबाई : मग बरं. म्या लई भेत होते. सपनात रोज कोरडी दिसायची.

काकासाहेब : नाय, नाय. हाय पाणी.

कडूबाई : मग टँकर बी असंल हुभा. पाणी हाय तवर तू काय थांबायचा नाय. तुझा पाणी इकल्याचा कागद तुझ्यापाशीच ठेव. मपला अंगठा त्याला लागायचा नाय. ठेवते. दूध उतू चाललंय.

श्रीनिवास : आई, एक मिनिट... ठेवला त्यांनी.

काकासाहेब : ठेवू द्या.

श्रीनिवास : काकासाहेब, काय केलंत हे? कोरडी पडली, टँकर बंद झाले, एवढं म्हणायचं होतं. अंगठा मिळाला असता. त्या घरी आल्या असत्या.

काकासाहेब : आली असती. अन् आल्या आल्या कुठं गेली असती? विहिरीवर. वाकून बघितलं असतं तिनं. मग मी कुठं हुभा ऱ्हायचं, साहेब?

श्रीनिवास : कधीतरी कळणारच आहे ना.

काकासाहेब : कळंल. फकिराला म्हाईत हाय, पण त्यो बी सांगत नाय तिला. ऐकलं ना तुम्ही? मग बरं, म्हणली. दोन वर्षांत मपल्याशी पहिल्यांदा बरं बोलली ती.

श्रीनिवास : पाऊस पडेल. भरेल विहीर. तेव्हा आणा त्यांना.

काकासाहेब : तिचं वय नाय थांबायचं पावसासाठी. अन् आडव्या बोअरनं झरे फोडलेत मी. पाऊस पडला तरी त्या विहिरीत ठरंल का, कुणाला ठावं? हातानं केलं सगळं. भाव चांगला होता, एवढंच ध्यानात ऱ्हायलं तवा. लई चुकलं.

श्रीनिवास : मग काय करू आता? रिटर्न भरायची मुदत जवळ आलीय.

काकासाहेब : परत भरा. व्याजासकट. एक टँकर इकला का होतंय तेवढं. ह्या बारीला मपल्या नावानं.

श्रीनिवास : आणि आईंच्या नावावर गेलेलं?

काकासाहेब : त्याचं काय होतंय?

श्रीनिवास : काही होत नाही. तसंच पडून राहील. कुणी कधी उघडून बघितलं तर दिसेल, कडूबाईंची पाण्यातून कमाई काही नाही, पण भरणा मात्र त्यांनी केलाय. सरकारदरबारी कायमची चुकीची नोंद.

काकासाहेब : चुकीची कशी, साहेब? तेवढंच तर बरोबर लिवलंय.